शनिवारची खिरापत

"बाई, शैला अंचई करते! डबा नीट हलवतच नाही!"

"मी अंचई करते? ए प्रेमला, बस ने आता! हे घे, ऐक."

शैला कारखानीसने झाकण दाबून पितळेचा डबा डोक्यावर धरला आणि गदागदा हलवला. पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरून दमलेल्या तिसरीच्या मुली गोल बसल्या होत्या, आणि साऱ्यांचे कान त्या डब्याला लागले होते. आत काहीतरी जड आणि मऊ एकमेकांवर आपटत होते.

"लाडू!"

"नाही."

"सुखडी!"

"नाही."

"फाफडा!"

"भोंडल्याच्या खिरापतीला फाफडा?" विजयमालाबाईंनी खुर्चीवरूनच विचारले. "हत्ती पाटावरून उठून चालता होईल."

मुली खिदळल्या. शेवटी कोपऱ्यातून कोणीतरी "बेसनाच्या वड्या" म्हटले, शैलाने हार मानून झाकण उघडले, आणि वर्गात साजूक तुपाचा वास पसरला. पण खायची घाई चालत नसे. आधी वड्या मोजायच्या, मग हजर मुलींमध्ये त्या सारख्या वाटायच्या, उरलेल्यांचे अर्धे-पाव तुकडे करायचे, आणि एकीलाही कमी-जास्त न मिळता वाटणी झाली तरच हात लावायचा. भागाकार ह्या वर्गाला कोणी फळ्यावर शिकवला नव्हता. तो वर्षानुवर्षे खिरापतीतूनच शिकवला जाई.

बडोद्याच्या वाडी भागातल्या त्या मराठी कन्याशाळेत नवरात्राचा आठवडा असाच जायचा. गुजरात वेगळा झाला, कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या, शाळेच्या तळमजल्यावर गुजराती वर्ग आले आणि मराठी वर्ग माडीवर चढले. भोंडला मात्र जिथे होता तिथेच राहिला. संध्याकाळी ह्याच मुली आपापल्या पोळात, म्हणजे गल्लीत, गरबा खेळत, आणि त्यात कोणालाच काही वावगे वाटत नसे. त्या वर्षी वरून हुकूम आला होता की प्राथमिक वर्गांनी 'कृती-सप्ताह' साजरा करावा. विजयमालाबाईंनी तो वाचला, घडी घातली आणि म्हणाल्या, "ह्यांना आता सुचलं."

सोमवारी हत्ती काढायचा, तोही तांदळाने, आणि त्याची सोंड त्याच्या पायाइतकी लांब भरली पाहिजे. मंगळवारी त्याच्या गळ्यातल्या माळेसाठी फुले, पाने, फळे आणायची आणि प्रत्येकाचे नाव, रंग, बहराचा महिना सांगायचा. बुधवारी विश्वामित्रीच्या काठच्या चिखलमातीचे हत्ती. रोज एकीची खिरापत, आणि ती कशी करतात हे आईला विचारून दुसऱ्या दिवशी पाटीवर लिहायचे. मुली म्हणत, बाई कडक आहेत. आया म्हणत, बाई कडक आहेत. खुद्द बाईंचेही ह्याविषयी दुमत नव्हते. बाई म्हणजे खानविलकरांची लेक. आजोबा सरकारच्या पागेत शिलेदार होते. वैधव्य लवकर आले तेव्हा दिराच्या दारात न बसता त्यांनी खडू हातात घेतला होता, आणि आता निवृत्ती फार दूर नव्हती.

वड्या खाऊन झाल्यावर बाईंनी आठवड्याच्या पाळ्या सांगितल्या. उद्या प्रेमला, परवा अमकी, तेरवा तमकी.

"आणि शनिवारी लीला."

लीला खिडकीपाशी बसायची. जूनमध्येच ह्या शाळेत आलेली, काटक, सावळी, फार न बोलणारी. तिने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. पण तिचे कान लाल झालेले बाईंना दिसले. पोर खूश झाली होती.

मंगळवारी शाळा सुटायच्या सुमारास मथुराबाई कारखानीस आल्या. शैलाची आई. पंचवीस वर्षांपूर्वी ह्याच शाळेत, ह्याच बाईंपुढे, त्याही भोंडल्याच्या फेरात फिरल्या होत्या. त्यामुळे बाईंच्या तोंडी त्या अजून नुसत्या 'मथुरा'च होत्या.

"बाई, मी जुन्या विचारांची नाही हं," पदर सावरत त्या म्हणाल्या. "लीला आमच्या शैलाबरोबर खेळते, मी कधी एक शब्द बोलले? पण खाण्याचं वेगळं असतं."

"काय वेगळं असतं?"

"तिची आई दवाखान्यात झाडलोट करते, बाई. तिथं काय काय उचलावं लागतं..."

"शैलाच्या वेळी तू त्याच दवाखान्यात होतीस ना? मग तुझंही तिनंच उचललं असेल."

मथुराबाईंचा चेहरा उतरला. जातीचे नाव त्यांनी घेतले नव्हते. बडोद्यात शिकलेली माणसे ते घेत नसत. 'त्या वस्तीतली' एवढेच म्हणत, आणि ऐकणाऱ्याने काय ते समजून घ्यायचे असे.

"माझं काही नाही हो. आमच्या सासूबाईंना चालायचं नाही."

"सासूबाई तिसरीत नाहीत, मथुरा."

"तुम्हाला थट्टा सुचते! मग शनिवारी शैला येणार नाही. आणि एकटी शैलाच नाही, मी सांगून ठेवते. तिचे पप्पा तर म्हणतातच, दिवाळीनंतर हिला कॉन्व्हेंटमध्ये घालू." एवढे बोलून त्या जिना उतरून गेल्या. जाताना वाकून नमस्कार करायला मात्र विसरल्या नाहीत. ते वळणच बाईंनी लावलेले होते.

बुधवारी हेडमास्तर हिंमतराव स्वतः वर्गात आले. सज्जन गृहस्थ. फक्त वरच्या साहेबाच्या सावलीलाही भिणारे. चिखलाचे हत्ती वाळत घातले होते, त्यांतून वाट काढीत ते बाईंपर्यंत पोहोचले आणि हळू आवाजात म्हणाले,

"विजयमालाबाई, चार-पाच पालक येऊन गेले."

"माझ्याकडे एकच आली. बाकीच्यांना जिना चढवला नाही वाटतं."

"हसू नका. मुली काढून घेतल्या तर पट घसरेल. पट घसरला की हा वर्ग चौथीला जोडतील आणि खोली खालच्या गुजराती वर्गांना देतील. साहेब निमित्तच शोधताहेत." त्यांनी कपाळ पुसले. "मी तोड काढलीय. लीलाला म्हणावं, केळी आण. सालीची वस्तू. तिला कोणाची हरकत नसते. तिचाही मान राहिला, ह्यांचंही राहिलं."

सालीची वस्तू. बाईंना ती तोड नवी नव्हती. सासरी मामंजी बागवानाच्या हातची केळी घेत, कोणाच्याही हातचा नारळ घेत; पाण्याचा हात लागलेले मात्र काही घेत नसत. स्वतः बाईंनीही उभ्या जन्मात परक्या स्वयंपाकघरातले फारसे काही तोंडात घातले नव्हते. शाळेतल्या चहालासुद्धा त्या नाही म्हणत.

"केळं डब्यात वाजत नाही, हिंमतराव. मुलींनी ओळखायचं काय?"

"अहो, एक दिवस नाही ओळखलं तर..."

"तर तो भोंडला नव्हे. प्रसाद वाटणं झालं."

हिंमतराव गेले, पण त्यांचे बोलणे गेले नाही. वर्ग जाणे म्हणजे काय, हे बाईंना कोणी सांगायला नको होते. दोन वर्षांपूर्वी पाचवीचा वर्ग असाच गेला होता. सुट्टीत फळा उतरवला, बाके खाली नेली, आणि त्या मुलींतल्या कितीजणींना आज मराठी वाचता येते कोण जाणे. एका डब्यासाठी सगळा वर्ग पणाला लावायचा का? गुरुवारी शाळा सुटल्यावर त्या लीलाच्या वस्तीकडे निघाल्या, तेव्हा केळ्यांची गोष्ट त्यांच्या ओठांवर होती हे नाकारण्यात अर्थ नाही.

लीलाची आई रखमाबाई दारातच रवा चाळत बसली होती. नवरा लक्ष्मण नंदेसरीच्या कारखान्यात पाळीवर गेलेला. बाईंना पाहून ती लगबगीने उठली, हात पदराला पुसले, घरातली एकुलती एक खुर्ची बाहेर आणून ठेवली. लीला आईच्या मागे अर्धी लपून उभी राहिली.

"शनिवारची तयारी का?" बाईंनी विचारले.

"व्हय. पण काय करणार ते सांगायची नाय. तुम्हालाबी ओळखायचंय."

बाईंना हसू आले, आणि केळ्यांची गोष्ट ओठांवरच राहिली. रखमाबाईने चाळण खाली ठेवली.

"बाई, मला समजलंय. दवाखान्यात सगळं समजतं. केळी आणा म्हणतायत ना?"

"हेडमास्तर म्हणतात."

"केळी आणायला मी काय सत्यनारायण घातलाय?" तिचा आवाज चढला नाही, पण चाळणीच्या कडेवर बोटे घट्ट झाली. "माझी पोर वर्गात बसून पाढे म्हणते, त्या पाढ्यांना काय होत नाय. तिच्याच डब्याला होतं. पोरीनं सोमवारपास्नं घर डोक्यावर घेतलंय. आई, माझी पाळी, आई, माझी पाळी. आता मी तिला सांगू, पाळी तुझी, पण चूल दुसऱ्याची?"

लीला आईच्या पदराशी चाळा करीत बाईंकडे एकटक बघत होती.

"दुसऱ्यांचं मला नको," रखमाबाई म्हणाली. "खातील नायतर जातील. तुम्ही खाणार का, तेवढं सांगा."

वस्तीतली दोन-तीन माणसे आपापल्या दारांत थबकली होती. असा सरळ प्रश्न विजयमालाबाईंना कोणी फार दिवसांत विचारला नव्हता. प्रश्न विचारण्याचे काम त्यांचे असे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"खारट करून ठेवलीत तर नाही खाणार," त्या म्हणाल्या.

लीला खुदकन हसली. रखमाबाई हसली नाही. तिने चाळण पुन्हा मांडीवर ओढली आणि नव्या जोमाने रवा चाळू लागली. बाई उठल्या. त्यांच्या मनातला वर्गाचा हिशेब तिथेच मिटला होता. वर्ग जायचा असेल तर जावो. पण तो केळ्याच्या सालीवरून घसरून जाणार नाही.

शुक्रवारी सुखडी वाटून झाल्यावर त्यांनी मुलींना उभे केले. "उद्या लीलाची खिरापत. ज्यांना यायचंय त्यांनी या. खोटा ताप आणू नका, डोकेदुखी आणू नका. यायचं नसेल तर 'येणार नाही' असं स्पष्ट म्हणायला शिका. तोही एक धडाच आहे." शैला बोटांनी वेणीचे टोक पिळत होती.

शनिवारी सकाळी वर्ग निम्म्याहून अधिक रिकामा होता.

प्रेमला मात्र धापा टाकीत आली. "बाई, आई म्हणाली ताप आहे सांग. पण मला तर ताप नाही, म्हणून आले."

"बस. आजचा पहिला मान तुझा."

ज्या आल्या होत्या त्यांनी हत्ती काढला, गळ्यात माळ घातली. फेर धरायची वेळ आली तेव्हा हाताला हात पुरेनात. पाट वर्गाच्या मध्यभागी नेहमीच्याच जागी मांडला होता आणि त्याच्याभोवतीचे वर्तुळ काही केल्या जुळेना. "पाट लहान करू या का?" एकीने विचारले. "पाट लहान होत नाही. हात लांब करा," बाई म्हणाल्या, आणि चपला काढून स्वतःच फेरात शिरल्या. इतक्या वर्षांत त्या कधी फेरात आल्या नव्हत्या. मुलींना आधी अवघडल्यासारखे झाले, मग गंमत वाटू लागली, आणि गाणी अशी काही टिपेला गेली की खालच्या गुजराती वर्गातल्या मुली जिन्यात येऊन उभ्या राहिल्या.

मग लीला मध्ये आली. अॅल्युमिनियमचा मोठा डबा तिला दोन्ही हातांत जेमतेम मावत होता. तिने तो हलवला. वाळक्या पानांतून कोणी चालावे तसा आवाज झाला.

"पापड!"

"नाही."

"शेव!"

"नाही."

"कुरडया! शंकरपाळे! गाठिया!"

"गाठिया नाही गं! गोड आहे."

बाईंनी आवाज पहिल्याच खेपेला ओळखला होता. त्यांच्या आजीच्या हातचा आवाज होता तो. साताऱ्याकडून पलटणीबरोबर आणि पागेबरोबर जी घरे बडोद्याला आली त्यांच्याच चुलींवर नवरात्रात ऐकू येणारा. पण खेळात बाईंना ओळखायची मुभा नव्हती. त्या ओठ मिटून बसल्या. मुली हरल्या. लीलाने झाकण उघडले.

"कडाकण्या," ती म्हणाली.

गुळाच्या पाण्यात मळलेल्या रव्याच्या, कागदासारख्या पातळ लाटून तळलेल्या पुऱ्या. कडा कातरलेल्या. एकही मोडलेली नव्हती. बाईंनी पहिली उचलली आणि उभ्यानेच, सगळ्यांच्या देखत, शेवटच्या कणापर्यंत खाल्ली.

"खारट नाही," त्यांनी निकाल दिला.

हिंमतराव दारात उभे होते. बाईंनी त्यांच्यापुढे डबा धरला.

"माझा उपवास आहे, बाई. नवरात्राचा."

"काल सुखडी खाल्लीत की."

"आजपासून धरलाय."

"देवी पावो," बाई म्हणाल्या आणि डबा मागे घेतला.

वाटणीला मात्र गणित अडले. रखमाबाईने सगळ्या वर्गाच्या मापाने केल्या होत्या. लीलाने हजर मुलींचे वाटे दिले, तरी डबा निम्म्याहून भरलेलाच. ती डब्यात बघत राहिली. तिचे कान पुन्हा लाल झाले होते, पण सोमवारसारखे नव्हे.

"बाई, ह्या मी घरी परत नेऊ?"

"ज्यांच्या आहेत त्यांच्या घरी नेऊ," बाई म्हणाल्या. "शाळा सुटली की माझ्याबरोबर चल."

आणि भर दुपारी वाडीच्या गल्ल्यांतून त्या दोघी निघाल्या. बाई पुढे, डबा छातीशी धरून लीला मागे. प्रत्येक दारात बाई एकच वाक्य बोलत: "तुमच्या मुलीचा वाटा." एका घरी तो चिमटीने घेतला गेला आणि दार लगेच लागले. एका घरी "ठेवा तिथं ओट्यावर" असे उत्तर आले. बाई म्हणाल्या, "ओटा तिसरीत शिकत नाही," आणि मुलगी बाहेर येईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. एका म्हाताऱ्या सासूबाईंनी मात्र वास घेतला, "अगं बाई, कडाकणी!" म्हणाल्या आणि नातीच्या आधी स्वतःच तोंडात टाकली. लीलाच्या चालीत हळूहळू फरक पडत होता. आता ती बाईंच्या बरोबरीने चालत होती.

कारखानिसांच्या घराचे दार बंद होते. ओट्यावर शेजारच्या बायका भाजी निवडत बसल्या होत्या.

"मथुरा!" बाईंनी वर बघून हाक मारली. वर्गातल्या शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचणारा तो आवाज पोळाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला. "शैलाचा वाटा आणलाय."

माडीवरची खिडकी उघडली. "बाई, तिला ताप आहे हो." पण मथुराबाईंच्या काखेखालून शैलाचे डोके बाहेर आले होते.

"बाई, काय होती खिरापत?"

"ताप उतर्‍यो लागे छे," ओट्यावरच्या एका बाईने गुजरातीत शेरा मारला, आणि बाकीच्या पदरात हसल्या.

"सांगायची नसते," लीला खालून म्हणाली. त्या दिवसात पहिल्यांदाच तिचा आवाज मोठा निघाला. "ओळख!"

तिने भर पोळात डबा हलवला.

"पापड!"

"नाही!"

"चिवडा? चकल्या?"

"गोड! गोड!"

"मग... मग..." शैलाने खिडकीच्या गजावर कपाळ टेकवले. "हरले! सांग."

"कडाकणी."

"ते काय असतं?"

"खाऊन बघ."

खिडकीतून डोके नाहीसे झाले. आत काही बोलाचाली झाली. मग भाजीवाल्यासाठी सोडायची टोपली दोरीला हिसके खात खाली आली. लीलाने कागदाची घडी करून तिच्यात एक कडाकणी ठेवली. टोपली वर गेली. मग "दे! दे इकडे आधी!" असा मथुराबाईंचा आवाज, आणि टोपली गेली त्याहून वेगाने खाली आली. कागदाची घडी होती तशी होती.

"बाई, राग मानू नका," मथुराबाई वरून म्हणाल्या. त्या बाईंकडे बघत नव्हत्या. "सासूबाई घरात आहेत."

लीलाने कागद उलगडला. कडाकणीची एक कड गेलेली होती. तिथे लहान दातांची गोल नक्षी स्पष्ट उमटली होती. बाईंनीही ती पाहिली. पोर आता रडते की हसते, म्हणून त्या वाट पाहत राहिल्या. लीलाने दोन्हींपैकी काहीच केले नाही. तिने कागद पूर्ववत दुमडला, टोपलीत ठेवला, आणि दोरीला दोन्ही हातांनी असा हिसका दिला की वरचा हात खिडकीबाहेर आला.

"काकू," ती म्हणाली, "शैलानं चावलंय. आम्ही उष्टं परत घेत नाही."

ओट्यावरच्या बायकांचे हात भाजीवरच थांबले.

लीलाने डब्याचे झाकण दाबून बसवले आणि ती चालू लागली. टोपली अधांतरी लोंबकळत होती. वरून ती कोणी ओढत नव्हते आणि खाली कोणी सोडत नव्हते.

"बाई, पुढचं घर डावीकडे ना?"

"डावीकडे," बाई म्हणाल्या, आणि तिच्या मागून निघाल्या.